कचराभूमीच्या लीचेटमधील बिस्फेनॉल-ए कसे मोजावे

कचऱ्याच्या थरांतून झिरपणाऱ्या काळपट पाण्यात, म्हणजेच लीचेटमध्ये, संप्रेरकांच्या कार्यात बिघाड करणारी अनेक रसायने असतात. त्यांपैकी बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि इपॉक्सी लेपांतून येते. १९२७ पासून कचरा साठवत आलेल्या मुंबईच्या देवनार कचराभूमीला ठाण्याची खाडी लागूनच आहे. तेथील झिरप खाडीतील जिवांपर्यंत पोहोचू शकत असल्याने हे मोजमाप अत्यंत काटेकोर असले पाहिजे.

सर्वात मोठा धोका नमुना घेतानाच असतो. ज्याचा शोध घ्यायचा ते रसायन प्लास्टिकच्या साधनांतूनही नमुन्यात उतरू शकते. म्हणून ४५०° सेल्सिअसला तापवून स्वच्छ केलेल्या तपकिरी काचेच्या बाटल्या, टेफ्लॉनचे अस्तर असलेली झाकणे आणि स्टीलचे भांडे वापरावे. शुद्ध पाण्याची एक बाटली कचराभूमीवर नेऊन, तेथे उघडून, पुढे प्रत्येक टप्प्यावर नमुन्यासारखीच हाताळावी. या कोऱ्या नमुन्याशिवाय मिळालेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पावसाळ्यात लीचेट पातळ होत असल्याने पाऊस आणि प्रवाह यांची नोंदही ठेवावी.

नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणावा व शक्य तितक्या लवकर काचतंतूंच्या गाळणीतून गाळावा. नोनाइलफिनॉल किंवा थॅलेट्स ही अशीच संप्रेरकांत बिघाड करणारी रसायनेही मोजायची असतील, तर ती गाळावर चिकटून राहत असल्याने गाळ फेकून न देता त्याचे वेगळे निष्कर्षण करावे, म्हणजे त्यातील रसायन द्रावकात उतरवून घ्यावे. गाळलेल्या पाण्यात ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) बिस्फेनॉल-ए, म्हणजेच तुलनेसाठीचे खूणद्रव्य, ठरावीक प्रमाणात मिसळून मगच आम्लता वाढवावी. जुन्या कचराभूमीच्या लीचेटमध्ये बायकार्बोनेट भरपूर असते, त्यामुळे आम्ल थेंबाथेंबाने घातले नाही तर फेस उसळून नमुना सांडतो.

यानंतर नमुना घनप्रावस्था निष्कर्षणाच्या, म्हणजे रसायन धरून ठेवणाऱ्या घन पदार्थाने भरलेल्या, नळीतून संथ गतीने सोडावा, सौम्य मिथेनॉल-पाण्याने नळी धुवावी आणि शुद्ध मिथेनॉलने रसायन उतरवून घ्यावे. द्रव क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीला) जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकात, ऋण आयन पद्धतीत (रेणूंना ऋण विद्युतभार देऊन), बिस्फेनॉल-ए २२७ या वस्तुमानावर दिसते. २१२ आणि १३३ या तुकड्यांवरून त्याची खात्री पटते. सोळा ड्यूटेरियम असलेले खूणद्रव्य मात्र २४१ वर शोधावे, कारण हायड्रॉक्सिल गटांवरचे दोन ड्यूटेरियम पाण्यातील हायड्रोजनशी अदलाबदल करतात.

लीचेटमधील ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून बनलेली) आयननिर्मिती, म्हणजे रेणूंना विद्युतभार मिळणे, दडपतात आणि आकडा खोटेपणाने लहान दिसतो. खूणद्रव्याशी असलेल्या गुणोत्तरावरून हिशेब केला की ही त्रुटी बरीचशी भरून निघते. तरीही अर्क दहापट पातळ करून पुन्हा मोजावा आणि दुरुस्त केलेली दोन्ही उत्तरे जुळतात का, ते पाहावे. जपानमधील घातक कचऱ्याच्या भूमींवरील २००१ च्या एका अभ्यासात लिटरमागे १.३ ते १७,२०० मायक्रोग्रॅम इतकी तफावत आढळली होती, त्यामुळे अंशांकनाच्या (ज्ञात प्रमाणांवरून ठरवलेल्या मोजमापाच्या) कक्षेबाहेर गेलेला नमुना अंदाजाने न नोंदवता पातळ करून मोजावा. अहवालात कोऱ्या नमुन्याचे मूल्य, खूणद्रव्याची पुनर्प्राप्ती (मिसळलेल्यापैकी किती परत मिळाले) आणि मोजमापाची खालची मर्यादा आकड्याशेजारीच लिहावी.