वसाहतकाळातल्या अमेरिकी स्त्रीचं माहेर कसं शोधावं

नवऱ्याचं नाव, गाव आणि मुलांची नावं तुमच्याकडे आहेत असं गृहीत धरते. सुरुवात १८५० च्या जनगणनेपासून करा आणि मागे जा. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव तेव्हा पहिल्यांदा नोंदवलं गेलं. १७९० ते १८४० च्या याद्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं नुसत्या आकड्यांत. त्याआधीसाठी चर्चच्या आणि टाउन क्लार्कच्या, म्हणजे गावाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाच्या, वह्या पाहा. यातलं बरंच फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

खरं घोडं अडतं ते माहेरच्या आडनावापाशी. लग्नाची नोंद सापडली नाही की लोक इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी वंशवृक्षातून आडनाव उचलतात. हे अजिबात करू नका. दहा वृक्षांत एकच आडनाव दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले नाहीत. एकानं लिहिलं आणि नवांनी उतरवून घेतलं, एवढंच.

तिच्या नावानं शोधत बसू नका. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याच्या ताब्यात जाई, त्यामुळे तिच्या स्वतःच्या नावाचे दस्त क्वचितच असतात. आसपासच्या गावांतल्या, तिचे वडील शोभतील अशा वयाच्या पुरुषांची मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं काढा, आणि ती शेवटपर्यंत वाचा. लेकीला वाटा देताना बाप अनेकदा तिचं सासरचं आडनाव लिहितो. वाटणीपत्रावर कधी बायकोच्या वतीनं जावयाची सही असते.

रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सेरा क्लॉइस यांचं उदाहरण घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत १६९२ साली पहिल्या दोघींना फाशी झाली, तिसरी तुरुंगातून वाचली. आडनावं तीन, पण तिघी सख्ख्या बहिणी: टॉप्सफील्डच्या विल्यम टाउनच्या लेकी. सेराचं क्लॉइसशी झालेलं लग्न दुसरं. त्याआधी ती ब्रिजेस होती. लग्नाआधीचं आडनाव ब्रिजेस, म्हणून माहेरही ब्रिजेस असं धरलंत तर मागच्या सगळ्या पिढ्या परक्या घरच्या जोडाल. म्हणून स्त्री विधवा होती का, हे आधी तपासा. नवऱ्यानं जमीन विकतानाचे दस्तही पाहा: बायको त्यात आपला हक्क सोडते, आणि मधल्या काळात एका बायकोच्या जागी दुसरी आली असेल तर तेही तिथे कळतं.

वडील पक्के झाले की इंग्लंडच्या पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) बाप्तिस्म्याच्या नोंदी सोप्या. मात्र १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारीतली तारीख १६९१/९२ अशी दिसली (जुन्या गणतीनं १६९१, आजच्या गणतीनं १६९२), तर दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवा.