नेदरला निघण्याआधी: लाव्हा, कडे आणि हरवलेल्या वाटांची तयारी

माइनक्राफ्ट या खेळात नेदरला, म्हणजे लाव्हाने भरलेल्या दुसऱ्या जगात, जायचं ठरलं की बहुतेक जण आधी तलवार बघतात आणि बाण मोजतात. ते लागतंच. पण नेदरमध्ये घालवलेलं सामान कुठे गेलं याचा हिशेब मांडला, तर उत्तर जवळपास नेहमी जमिनीकडे बोट दाखवतं: लाव्हात पडलं, कड्यावरून खाली गेलं किंवा परतीची वाट न सापडल्याने तिथेच राहिलं. घास्ट (उडत आगीचे गोळे फेकणारा प्राणी) आणि हॉग्लिन (रानडुकरासारखा प्राणी) तुम्हाला त्या कड्याकडे ढकलतात, जीव घेते ती खालची जमीन. म्हणून ही यादी जमिनीच्या हिशेबाने लावली आहे. आकडे खेळाच्या जावा (संगणकावरच्या) आवृत्तीचे आहेत, आणि जून २०२० मध्ये आलेल्या १.१६ नंतरच्या, म्हणजे पाच वेगवेगळे प्रदेश असलेल्या नेदरचे.

सुरुवात घरी काय ठेवायचं इथून. पाण्याची बादली पोर्टलपलीकडे, म्हणजे नेदरला नेणाऱ्या दारापलीकडे, ओतता येत नाही, पाणी जागच्या जागी वाफ होऊन जातं. ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या नेहमीच्या जगात, आग विझवायला, उंचावरून पडताना वाचायला आणि लाव्हा गोठवायला हात सवयीने त्या बादलीकडे जातो. ती सवय घरीच ठेवायची. पलंगही नको. नेदरमध्ये झोपायला गेलात की तो फुटतो, आणि त्या स्फोटाची ताकद ५ असते, टीएनटीच्या ४ पेक्षा जास्त. झोपायचं ते ओव्हरवर्ल्डच्या पोर्टलशेजारी, म्हणजे मेल्यावर तिथेच जाग येईल. हिरे आणि चांगली मंत्रवलेली हत्यारं पेटीत ठेवावीत. साठलेल्या एक्सपी (अनुभवाच्या) पातळ्या निघण्याआधीच एन्चांटिंगवर, म्हणजे वस्तूंवर मंत्र चढवण्यावर, खर्च करून टाकाव्यात, कारण मेल्यावर त्यातल्या फार थोड्या परत मिळतात.

आता अंगावरचं. डोक्यावर सोन्याचं हेल्मेट हवं. सोन्याचा एक जरी नग अंगावर असला तरी साधे पिग्लिन (नेदरमधले डुकरासारख्या तोंडाचे रहिवासी) आपण होऊन हल्ला करत नाहीत. पुष्कळ जण सोन्याचे बूट निवडतात, कारण त्यांना ४ इंगट (धातूच्या विटा) लागतात आणि हेल्मेटला ५. हा एक इंगट वाचवू नका. सोन्याचं आणि लोखंडाचं हेल्मेट दोन्ही संरक्षणाचे २ गुण देतात, म्हणजे तिथे काहीच गमवावं लागत नाही. सोन्याचे बूट मात्र १ च गुण देतात, लोखंडाचे २. शिवाय फेदर फॉलिंग हा पडण्याची इजा कमी करणारा मंत्र बुटांवरच बसतो, आणि नेदरमध्ये तो जितका उपयोगी पडतो तितका दुसरीकडे क्वचितच. सोन्याचं हेल्मेट झिजतं लवकर, तेव्हा एक जादा जवळ असू द्यावं. उरलेल्या तीन नगांपैकी एकावर फायर प्रोटेक्शन मिळालं तर ते जळण्याचा वेळही कमी करतं.

लोखंड मोजून घ्या: चिलखत, पायजमा आणि बूट मिळून १९ इंगट, ढाल १, दोन चकमकी २, दोन कुदळी ६, तलवार २ आणि एक रिकामी बादली ३. एकूण ३३. रिकामी बादली कशाला, असं वाटेल. वाट अडवणारा लाव्हाचा उगम तिने उचलून घेता येतो, आणि उगम उचलला की वाहता लाव्हा आटतो. आणखी १० इंगट असतील तर ७ चा कॉल्ड्रन (पाणी साठवायची कढई) आणि ३ ची बादली करून ती पाण्याने भरून न्या. जमिनीवर ओतलेलं पाणी उडून जातं, पण कॉल्ड्रनमध्ये ओतलेलं टिकतं, आणि पेटलेल्या माणसाने त्यात उडी मारली की आग विझते. भरलेला कॉल्ड्रन अशा तीन वेळा पुरतो. तो पोर्टलच्या खोलीतच ठेवायचा.

सगळ्यात जास्त जागा द्यायची ती कॉबलस्टोन या दगडी ब्लॉकला. तीन थर (एक थर म्हणजे ६४ ब्लॉक), पुलाचं काम असेल तर पाच. नेदररॅक, म्हणजे नेदरचा लाल दगड, तिथे फुकट आणि हवा तेवढा मिळतो, पण घास्टचा एक गोळा लागला की त्याला खिंडार पडतं, वर तो पेटला तर विझतच नाही. कॉबलस्टोनला घास्टचा गोळा काही करू शकत नाही. काच त्याच कारणाने नको; बाहेर पाहायला खिडकी हवीच असेल तर भिंतीत एक ब्लॉकचं भोक ठेवा. कॉबलस्टोन हॉटबारच्या (पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या) ठरलेल्या घरात ठेवायचा, आणि तो आकडा न बघता दाबण्याचा सराव घरीच करायचा. लाव्हा अंगावर येताना इन्व्हेंटरी उघडायला वेळ नसतो.

पोर्टलला ४ बाय ५ ची चौकट लागते. कोपरे सोडले तर १० ऑब्सिडियन (काळा कठीण दगड), भरले तर १४. पडक्या पोर्टलजवळचं जांभळे थेंब गाळणारं क्राइंग ऑब्सिडियन चौकटीत चालत नाही. पुष्कळांची चौकट न पेटण्याचं कारण हेच असतं. दोन चकमकींपैकी एक अंगावर आणि एक पलीकडच्या पेटीत ठेवा, कारण घास्टच्या गोळ्याने पोर्टल विझतं. चौकट तशीच उभी असते, आतला जांभळा पडदा तेवढा जातो, आणि चकमक नसेल तर परतीचा रस्ता बंद.

पलीकडे पाऊल टाकल्यावर लगेच पळत सुटू नका. पोर्टल कड्याच्या टोकाशी किंवा लाव्हाच्या वर लोंबकळणाऱ्या अरुंद ओट्यावरही उघडू शकतं. आधी शिफ्ट दाबून दबकत चला, म्हणजे कडेवरून पाय घसरत नाही. मग एफ३ दाबून जागेचे आकडे कागदावर लिहा. बेडरॉक आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये निर्देशांक दाखवण्याचा पर्याय आधीच चालू करून घ्यावा. होकायंत्र आणि घड्याळ नेदरमध्ये नुसतं गरगरतं, त्यामुळे हे आकडे हाच नकाशा. इथला १ ब्लॉक ओव्हरवर्ल्डच्या ८ ब्लॉकांइतका असतो: ओव्हरवर्ल्डमध्ये ८०० आणि उणे ४०० वर पोर्टल असेल, तर इथे ते १०० आणि उणे ५० च्या आसपास. उंचीला हा भागाकार लावू नका, तिथे हिशेब बदलत नाही.

त्यानंतर पोर्टलभोवती कॉबलस्टोनची खोली उभारायची, आतून ५ बाय ५ आणि छतासकट. कॉबलस्टोनच्या एका थराहून जास्त लागतं. पेटी भिंतीच्या आतच हवी. सोनं घातलेलं असलं तरी पिग्लिनच्या नजरेसमोर पेटी उघडली की ते चवताळतात, मग ती तुमची स्वतःची का असेना. या पेटीत दुसरी चकमक, जादा कुदळ, थोडं अन्न आणि अर्धा थर कॉबलस्टोन ठेवून मगच बाहेर पडा.

लाव्हाबद्दल सविस्तर, कारण खरी परीक्षा तीच. नेदरचा लाव्हासमुद्र साधारण वाय ३१ या उंचीवर असतो, म्हणजे त्याच्या जवळपास खोदताना पुढे काय आहे हे गृहीत धरू नये. ओव्हरवर्ल्डमध्ये लाव्हा उगमापासून ३ ब्लॉक पसरतो, इथे ७. वेगही तिप्पट: तिथे एका ब्लॉकला दीड सेकंद, इथे अर्धा. लाव्हात उभं राहिलं की दर अर्ध्या सेकंदाला जिवाचे ४ गुण जातात. चिलखत नसेल तर पूर्ण २० गुण अडीच सेकंदांत संपतात. बाहेर आलात तरी सुमारे १५ सेकंद अंग पेटलेलं राहतं. लाव्हात पडलेलं सामानही जळून जातं, नेदराइट या धातूच्या वस्तू तेवढ्या वाचतात.

यातून खोदण्याचे नियम आपोआप निघतात. सरळ खाली किंवा सरळ वर कधीच खोदायचं नाही, जिना करत जायचं. नेदररॅकच्या भिंतींच्या पोटात लाव्हाचे एकेकटे उगम दडलेले असतात, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून बोगदा १ रुंद आणि २ उंच ठेवा, आणि तोंडाशी चिकटून न खोदता दोन-तीन ब्लॉक मागे उभं राहून, हात पोचेल तिथला ब्लॉक फोडा. लाव्हा निघाला तर तो तुमच्यापर्यंत यायला सेकंद-सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्यात कॉबलस्टोन लावून होतो. नेदररॅक फार चटकन फुटतो, कुदळीवर एफिशियन्सी (वेगाने खोदण्याचा मंत्र) असेल तर बोट दाबून धरल्याबरोबर दोन-तीन ब्लॉक गायब होतात. तेव्हा बटण दाबून न धरता एकेक टिचकी मारायची.

अग्निरोधक औषध, म्हणजे फायर रेझिस्टन्स, पहिल्या फेरीत घरी बनवता येत नाही, कारण औषध बनवायच्या ब्रूइंग स्टँडलाच ब्लेझची (नेदरच्या किल्ल्यातल्या आगीच्या राक्षसाची) कांडी लागते. पिग्लिनकडून ते मिळू शकतं. १५-२० सोन्याचे इंगट जवळ ठेवा, एकेक त्यांच्यापुढे टाका, ते सुमारे सहा सेकंद न्याहाळून काहीतरी परत फेकतात. कधी हे औषध असतं, कधी नुसती खडी. दुसऱ्या फेरीपासून मॅग्मा क्रीम घालून स्वतः बनवा. साधं ३ मिनिटं टिकतं, रेडस्टोन घातलेलं ८. मंत्र आणि औषधं मिळून जेवढी जादू या खेळात आहे, तिच्यातली नेदरसाठी सर्वांत मोलाची हीच बाटली. लाव्हात पोहणं संथ असतं, म्हणून ३ मिनिटांची बाटली असेल तर लाव्हात पडल्यावर पहिलं काम काठ गाठायचं, सामान गोळा करायचं नंतर.

कड्यांचा हिशेब सोपा आहे: पडलेले ब्लॉक वजा ३, एवढे गुण जातात. २३ ब्लॉक म्हणजे मृत्यू. पावडर स्नोची (भुसभुशीत बर्फाची) बादली नेदरमध्ये चालते, पडताना पायाखाली ओतली तर इजा होत नाही. मिळाली तर एक न्यावी. पूल बांधताना किमान २ रुंद करा आणि ज्या बाजूने घास्टचं रडणं ऐकू येतं तिकडे २ उंच भिंत घाला. पर्यायांमध्ये ध्वनीची उपशीर्षकं चालू केली की घास्टचा आवाज कोणत्या बाजूचा ते पडद्यावर दिसतं. मोठा लाव्हासमुद्र ओलांडायचा असेल तर लाव्हावरून चालणारा स्ट्रायडर हा प्राणी उत्तम. त्याला खोगीर लागतं, आणि गळाला वॉर्प्ड फंगस जोडून केलेली काठी. पण घास्टने वाटेत तो मारला तर तुम्ही भर लाव्हात उतरता, म्हणून औषधाशिवाय लांबच्या सवारीला निघू नये.

खडीचे करडे पट्टे दिसले की थांबा. जग तयार होताना खडी कित्येक ठिकाणी अधांतरी राहिलेली असते आणि शेजारी काही हललं की सगळा पट्टा एकदम कोसळतो. तिच्यावर पाऊल टाकण्याआधी लांबून तिला लागून एक ब्लॉक ठेवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडेल.

प्रदेशांबद्दल थोडक्यात. निळसर वॉर्प्ड जंगल सर्वांत निवांत, तिथे एंडरमॅनच्या डोळ्यांत बघायचं टाळलं की पुरे. मुक्काम करायचा तर इथेच. लाल क्रिम्सन जंगलात हॉग्लिन असतात आणि त्यांची धडक माणसाला हवेत उडवते, म्हणून कड्याला पाठ करून लढू नये. वॉर्प्ड फंगसला ते घाबरतात, पण तो जमिनीत किंवा कुंडीत लावलेला हवा, हातात धरून काही होत नाही. सोल सँडची दरी दिसायला देखणी आणि फसवी: वाळूत पाय रुततो, चाल मंदावते, आणि वरून घास्ट, समोरून सांगाडे. तिथली निळी आग साध्या आगीच्या दुप्पट भाजते. सोल सँडच्याच शेजारी असणारी सोल सॉइल मात्र पाय धरत नाही. दोन्हींमधला फरक ओळखून सॉइलवरून चाला, ते जमत नसेल तर कॉबलस्टोनची पायवाट टाका. बेसॉल्ट डेल्टा पहिल्या फेरीत चक्क टाळावा. खडबडीत काळ्या दगडांमध्ये एकेक ब्लॉकची लाव्हाची डबकी असतात, हवेत राख उडत असते आणि मॅग्मा क्यूब उड्या मारत येतात. जावंच लागलं तर वरून पूल बांधा. मॅग्मा ब्लॉकवर पाय पडला तर शिफ्ट दाबून चालल्यास तो भाजत नाही.

किल्ला सापडला तर ब्लेझकडे जाण्याआधी मागचा रस्ता अरुंद करा. विदर स्केलेटन (किल्ल्यातला काळा सांगाडा) दोन ब्लॉकांहून उंच असतो, २ उंचीच्या दारातून तुम्ही जाता, तो अडकतो. बॅस्टियन, म्हणजे पिग्लिनचा पडका गड, पहिल्या फेरीत नकोच. तिथले पिग्लिन ब्रूट सोन्याला जुमानत नाहीत.

वाटेची खूण म्हणून ६४ मशाली घ्या. जाताना त्या कायम उजव्या हाताला लावायच्या, म्हणजे परतताना त्या डावीकडे दिसल्या पाहिजेत. फाट्यावर एक मशाल पुरत नाही, तिथे ३ ब्लॉक उंच कॉबलस्टोनचा खांब उभारून वर मशाल ठेवावी. अन्न ३२ शिजवलेले मांसाचे तुकडे किंवा तेवढेच पाव. पूर्ण भूक भागलेली असेल तरच जखम भराभर भरते, म्हणून कड्यावर जाण्याआधी खा.

आणि मेलात तर घाई करू नका, पण वेळ मोजा. पडलेलं सामान ५ मिनिटांत नाहीसं होतं, मात्र आसपास कुणी खेळाडू नसताना तो भाग थांबलेला असतो आणि घड्याळही थांबतं. म्हणून ओव्हरवर्ल्डच्या पलंगाशेजारच्या पेटीत दुसरी ढाल, कुदळ, सोन्याचं हेल्मेट, अर्धा थर कॉबलस्टोन आणि दहा पाव निघण्यापूर्वीच भरून ठेवा, सोबत पोर्टलचे आकडे लिहिलेला कागदही.