पुनर्विकासासाठी घर रिकामं करताय? या चुका टाळा

सोसायटीचा पुनर्विकास ठरला, भाड्याची जागा मिळाली, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "पॅकर्सवाले येतील, ते सगळं भरून नेतील." नेतात खरं. तीस-पस्तीस वर्षांत साठलेलं सगळं, बुड गेलेल्या कढईपासून बंद पडलेल्या व्हीसीआरपर्यंत, कागदात नीट गुंडाळून लहान जागेत आणून ठेवतात. आवरायचं काम तसंच उरतं, वर हालचालीला जागा नसते. म्हणून आवरणं आणि बांधणं ही दोन कामं वेगळी धरा आणि आवरण्यासाठी निदान दोन-तीन महिने हातात ठेवा. घाईचा खरा फटका बसतो तो कागदपत्रांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना.

माळ्यापासून सुरुवात करणं

उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी माळा उतरवला जातो. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही, धुळीने सगळे शिंकायला लागतात, प्रत्येक वस्तूवर चर्चा होते आणि संध्याकाळी निम्मं सामान परत वर जातं. माळ्यावर असतात त्या निर्णय न झालेल्या वस्तू. त्यांना हात घालण्याआधी जिथे वाद नाही तिथून सुरू करा: मुदत संपलेली औषधं, झाकण हरवलेले डबे, हॉटेलातून पार्सलबरोबर आलेले प्लास्टिकचे वाडगे, जुने मसाले, तळ झिजलेल्या चपला. नंतर माळा घ्या, तोही एका वेळी एकच कप्पा, आणि दिवस मावळेपर्यंत निकाल लागेल एवढंच सामान खाली काढा.

याच काळात नवे प्लास्टिकचे खोके आणि ऑर्गनायझर विकत घेऊ नका. ते आणले की भरले जातात. त्याऐवजी टेप घेऊन भाड्याच्या घरात जा. लोखंडी कपाट तिथल्या लिफ्टमध्ये मावतं का, माळा आहे का, बॉक्सचा पलंग दारातून आत जातो का, ते बघा. निम्मे निर्णय तिथेच होतात.

कागद सरसकट रद्दीत देणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून इथे मुद्दाम थांबतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घराचा मूळ करारनामा, तुमच्या आधीच्या मालकांचे करार, इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयातून मिळणारा व्यवहाराचा उतारा), मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये घालून घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने न्यायचं. ही फाइल टेम्पोत चढवायची नाही.

घराच्या मोठ्या कामांची बिलंही टाकू नका. वाढवलेली खोली किंवा नव्याने बांधलेलं स्वयंपाकघर यांचा खर्च पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च म्हणून दाखवता येतो, पण त्याला पुरावा लागतो. घर २००१ च्या आधीचं असेल तर खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरण्याची सोय आहे. त्यानंतरच्या कामांच्या पावत्या म्हणून जास्त मोलाच्या.

वडिलांच्या ट्रंकेत कागदी शेअर सापडले तर "कंपनी बुडाली असेल" म्हणून फाडू नका. कंपन्यांची नावं बदलतात, एकीत दुसरी विलीन होते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण त्यामुळे मालकी जात नाही. ते डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत, करून घेता येतात, आणि धारक वारले असतील तर वारसांच्या नावावर चढवता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तिथूनही अर्ज करून परत मिळतात. वेळ लागतो, चिकाटी ठेवा.

पुस्तकं, पोथ्या आणि साड्यांच्या घड्या उलगडून बघितल्याशिवाय देऊ नका. आजीने ठेवलेल्या नोटा तिथेच निघतात. दोन हजारांची नोट निघाली तर ती आजही कायदेशीर चलन आहे, फक्त बँकेच्या शाखेत घेत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे ही सोय आहे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांना मात्र काही किंमत उरलेली नाही, आणि तशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

मोडी लिपीतले कागद निघाले आणि घरात कोणाला वाचता येत नसतील, तर ते जाणकाराला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांवर काम करत आलं आहे. उलट आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, जुनी चेकबुकं, बँकेची पत्रं रद्दीवाल्याकडे अखंड जाऊ देऊ नका. बारीक फाडा, मगच द्या.

"आई, हे टाकू का?" असं विचारणं

या प्रश्नाला उत्तर एकच येतं: "असू दे." टाकणं म्हणजे आपल्या आयुष्याचा तो भाग निकामी ठरवणं, असं त्यांना वाटतं, आणि त्यात चूक काही नाही. प्रश्न बदला. "हे कोणाला द्यायचं?" म्हटलं की त्या स्वतः नावं सांगतात. पितळी डबा भाचीला, जातं गावच्या घरी, नऊवारी साड्या गोधडी शिवणाऱ्या मावशींना. आई दुपारच्या झोपेत असताना परस्पर काही देऊन टाकू नका. एकदा तसं झालं की पुढे प्रत्येक पिशवी उघडून बघतात, आणि मग कामच पुढे सरकत नाही.

स्मरण कमी झालेल्या माणसाची गादी, खुर्ची, पानाचा डबा, औषधांचा टेबल शेवटी हलवा आणि नव्या जागेत सगळ्यात आधी मांडा.

परदेशातल्या मुलांची खोली हाही असाच अडलेला भाग. व्हिडिओ कॉलवर एकेक कप्पा दाखवा आणि एक तारीख द्या. भावंडांत चांदीच्या भांड्यांवरून किंवा देवांवरून अडलं, तर सगळे एकत्र असताना यादी करून ठरवा. फोनवर एकेकट्याशी बोलून हे सुटत नाही, वाढतं.

पितळ भंगाराच्या भावात घालवणं

तांबं, पितळ आणि कासं यांचे भाव वेगळे असतात. एकत्र ढीग केलात तर सगळ्यात खालचा भाव मिळतो. धातू वेगळे करा, किलोचा दर आधी दोन-तीन ठिकाणी विचारा. घंगाळ, बंब, कळशी चांगल्या स्थितीत असेल तर मोडीत घालण्याआधी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत विचारून बघा. पातेल्याची कल्हई गेली एवढ्यावरून ते टाकाऊ होत नाही, पुन्हा कल्हई करता येते. जरीच्या जुन्या साड्या दारावर येणाऱ्याला लगेच देऊ नका. जुन्या जरीत खरी चांदी असते, म्हणूनच तो त्या मागत असतो.

जुना ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याला आवारात फोडू देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. ही मंडळी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच जाऊ देत. इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घेताना बदल्यात जाते.

फोटो ओढून काढणं

ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो घट्ट बसलेले असतात. नखाने उचकटले की फाटतात. आधी अख्ख्या पानाचा फोटो मोबाइलवर काढा. मग दात साफ करायचा पातळ दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरी निघाला नाही तर पानासकट कापून ठेवा. मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनाने नको, शाई पुढे उमटते. व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, डिजिटल करून देणाऱ्याकडे द्या.

शेवटच्या आठवड्यात खिडक्यांची ग्रिल, दारं, पाण्याची टाकी काढून विकायचा विचार येतो. त्याआधी विकासकाबरोबरचा करार वाचा. घर ताब्यात देताना कोणत्या वस्तू कोणाच्या, हे तिथे लिहिलेलं असतं. वीज मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढा, आणि गॅसचं कनेक्शन नव्या पत्त्यावर वर्ग करताना लागणारं सबस्क्रिप्शन व्हाउचर त्या हातातल्या फाइलमध्येच असू द्या.