कूलरच्या स्टँडचं वेल्डिंग

नागपुरात एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतात आणि मग कळतं, स्टँडचे पाय पाण्यानं सडलेत. आमच्या स्टँडचा पाइप जेमतेम दीड मिलिमीटर जाड. वेल्डिंगचा रॉड टेकवला की भोक. मग ६०१३ या प्रकारचा अडीच मिलिमीटरचा रॉड घेतला, करंट ७० अँपिअरच्या आसपास उतरवला आणि सलग ओढण्याऐवजी छोटे टाके मारले. एक या कोपऱ्यात, पुढचा समोरच्या. चौकट वाकलीही नाही.

नवा तुकडा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचा. त्यावरचं जस्त जळलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यावर गूळ-दूध घ्या म्हणतात. मला पटत नाही. मास्क लावून जोडाजवळचं जस्त ग्राइंडरनं काढलं आणि काम उघड्या अंगणात केलं.

उन्हाळ्यात खरी भीती घामाची. साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) नसतानाही रॉड धरायच्या होल्डरला ५० ते ८० व्होल्ट असतात. ओल्या हातमोज्यातून झटका बसतो. म्हणून सकाळीच, कोरड्या फळीवर उभं राहून, हातमोज्यांची दुसरी जोडी जवळ. डोळ्यांपुढची काळी काच १० नंबरची. कूलरची वाळकी खस लांब ठेवली, ठिणगीला तेवढंच पुरतं. शेवटी स्लॅग, म्हणजे जोडावरची कडक खपली, झाडून गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात.