एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन बांधताय? या चुका टाळा

किंगपिन नवे, बुश नवे, बेअरिंग नवी. तरी स्टिअरिंग जड आणि वळणानंतर चाक आपणहून सरळ होत नाही. १९६२ ते १९८० या काळातल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं पुढचं सस्पेन्शन खोलून बांधल्यावर ही तक्रार हमखास येते. दोष बहुधा भागांचा नसतो, मापाचा असतो.

पहिला संशय किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या पिनवर घ्या. स्विव्हलमध्ये (पिनवर फिरणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागात) दाबून बसवलेल्या नव्या बुशचं भोक लहानच असतं. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने), एका रेषेत रीम करावा लागतो. पॉलिश पेपरने घासून पिन घुसवली तर ती घुसते खरी, पण दोन्ही भोकं एका रेषेत राहत नाहीत. तेल लावलेल्या पिनवर स्विव्हल बोटाने फिरला पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. बुशचं ग्रीसचं भोक निपलसमोर आलंय का, हे पिन घालण्याआधी तार घालून बघा. नंतर ग्रीस गन अडली की लोक निपल बदलत बसतात.

वरचा नट पूर्ण आवळल्यावर स्विव्हल अडकला तर थ्रस्ट वॉशर (वर-खालचा खेळ ठरवणारी चकती) पातळ घाला, वर-खाली खेळ राहिला तर जाड. नट ढिला ठेवणं हा उपाय नाही.

किंगपिनला विशबोनशी, म्हणजे खालच्या सस्पेन्शन हाताशी, जोडणारा खालचा बोल्ट त्याच्या नळीत गंजून बसलेला असतो. हातोडा मारून किंगपिनचं खालचं टोक बिघडवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी करवतीने कापा. विशबोनचं भोक लांबट झालं असेल तर तो हात बदलायचाच. आणि इथे ग्रीसच लागतं. गिअर ऑइलचा सल्ला ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या गाडीच्या ट्रनियनसाठी (खालच्या सांध्यासाठी) आहे.

चाकाच्या हबमधला स्पेसर (बेअरिंगमधली नळी) आणि शिम (पातळ चकत्या) फेकून देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. नट आवळला की स्पेसर, शिम आणि बेअरिंग मिळून स्टब ॲक्सलला (चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्याला) ताठपणा देतात. आधी मुद्दाम जास्त शिम घाला, नट ४० ते ७० पाउंड-फूट आवळा आणि डायल गेजने खेळ मोजा. समजा १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आला. हवा २ ते ४. मग १० आणि ५ थाऊच्या शिम काढा, ३ उरतो. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्या, मागे कधीच नाही. टॉर्कची मर्यादा एवढी मोठी त्यासाठीच आहे.

विशबोनच्या आतल्या बुशचे नट गाडी स्टँडवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं, पुढचा भाग उंच दिसतो आणि बुश लवकर फाटतात.

स्प्रिंग काढताना जॅक स्प्रिंग पॅनखाली हवा, कॅलिपर तारेने टांगलेला हवा. इंजिन बाहेर असेल तर स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते. तेव्हा हे काम इंजिन बसवलेलं असतानाच करा.

लिव्हर शॉकॲब्झॉर्बर हाच वरचा विशबोन आहे. त्याच्या स्पिंडलला खेळ असेल तर बाकी सगळं नवं टाकूनही चाक वरच्या बाजूला हलतं.

शेवटी टो-इन (दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असण्याचं माप) दीड ते अडीच मिलिमीटर ठेवा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) यांना मूळ गाडीत ॲडजस्टमेंटच नाही. ते चुकले असतील तर वाकलेला हात किंवा क्रॉसमेंबरची बसलेली रबरं शोधा.