गार्डन ट्रॅक्टरसाठी ट्रेलर घेताना

अमेरिकेत गार्डन ट्रॅक्टर नेण्यासाठी ट्रेलर बघताना लोक आधी वजन विचारतात. घोडं अडतं ते रुंदीपाशी. ट्रॅक्टरखालचा गवत कापणाऱ्या पात्यांचा ५४ इंची डेक, त्याला गवत फेकणारी बाजूची झडप, म्हणजे ६० इंच सहज ओलांडतात. तेव्हा टेप घेऊनच जा आणि ट्रेलरच्या कठड्यांच्या आतलं माप घ्या. मागचा रॅम्प आखूड असेल तर चढताना डेक वरच्या कडेला घासतो. लांब रॅम्प बरा. ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन म्हणून, समजा, २,९९० पौंड लिहिले असतील, तर त्यांत ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. ट्रॅक्टर ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या थोडा पुढे उभा करा: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडावर, हवा. भार मागे गेला तर हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो.