नियम चोख, तरी खेळ रंगत नाही? या चुका टाळा

मी रचलेल्या पहिल्या पत्त्यांच्या खेळाच्या सहा प्लेटेस्ट, म्हणजे घडत असलेला खेळ लोकांना खेळायला देऊन घेतलेल्या चाचण्या, झकास झाल्या. सातव्या वेळी मी हजर नव्हतो, तर चौघे जण एक पान केव्हा टाकता येतं यावर पाऊण तास वाद घालत बसले आणि डाव मोडून उठले. त्या पानाचा नियम कागदावर नव्हताच. आधी सहाही वेळा तो मी तोंडाने सांगत होतो, आणि सांगतोय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

खेळ घडवताना सर्वांत महागात पडते ती हीच चूक. उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. छापलेले नियम हातात द्या, चार हात लांब बसा आणि गप्प राहा. चुकीची चाल झाली तरी मध्ये पडू नका. नियमांचा कागद कोणत्या क्षणी पुन्हा उघडला, ‘पाळी कुणाची?’ असं किती वेळा विचारलं गेलं, कुणाचा हात मोबाइलकडे केव्हा गेला, एवढंच टिपत राहा. डाव संपल्यावर ‘आवडला का?’ विचारू नका. तोंडावर नाही म्हणणं फार थोड्यांना जमतं. त्याऐवजी विचारा, ‘शेवटच्या पाळीत दुसरं काय करता आलं असतं?’ यावर समोरचा गोंधळला, तर तिथे निर्णय घ्यायला जागाच नव्हती. सापशिडीत अशी जागा एकही नसते, सगळं फासा ठरवतो. लहान मुलांना तेवढी चढउताराची धाकधूक पुरते, मोठ्यांचा खेळ तिच्यावर फार वेळ तगत नाही.

तक्रार ऐका, तिच्यासोबत आलेलं औषध मात्र लगेच घेऊ नका. ‘खेळ फार लांबतो’ म्हटलं की रचनाकार नियम कापायला बसतो. मोनोपॉली या जागा विकत घेऊन भाडं वसूल करायच्या पटावरच्या खेळाबद्दल ही कुरकुर जुनीच आहे. पण अनेक घरांत दंडाचे पैसे पटाच्या मध्ये साठवतात आणि ‘फ्री पार्किंग’च्या घरावर येणाऱ्याला देऊन टाकतात. छापील नियमांत हे नाही. उलट, कुणी जागा विकत घेतली नाही तर तिचा लिलाव करायचा, हा छापील नियम बरेच जण गाळतात. मग पैसा परत खेळात येत राहतो, जागा विकल्या जात नाहीत आणि दिवाळं कुणाचंच निघत नाही. म्हणून आधी पाहा, लोक नक्की कोणते नियम खेळले?

कधीकधी दोष वाटतो तोच जीव असतो. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेममध्ये शत्रू मरत गेले की उरलेले वेगाने सरकू लागत, कारण थोडीच चित्रं काढायची असल्याने यंत्रावरचा भार हलका होई. तो घडवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते दुरुस्त केलं नाही. शेवटी छातीत होणारी धडधड त्यातूनच आली.

पहिली चाल करणाराच जिंकत असेल तर आकडे हलवत बसण्यात महिने जातात. हेक्स या दोघांच्या पटावरच्या खेळात पहिल्या खेळाडूकडे जिंकण्याची हमखास रीत असते, हे गणितज्ञ जॉन नॅश यांनी सिद्ध केलं होतं. तरीही तो खेळ रंगतो, कारण त्यात एक युक्ती वापरतात: पहिल्याने चाल करायची आणि बाजू बदलून घ्यायची की नाही ते दुसऱ्याने ठरवायचं. एकाने कापायचं, दुसऱ्याने वाटा निवडायचा. फार जोरदार पहिली चाल मग कुणी करतच नाही.

खेळाला बक्षीस म्हणून गुण आणि बॅज चिकटवण्याबद्दल थोडक्यात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३च्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना बक्षीस आधी कबूल करून दिलं, आणि पुढे मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. मुळात मजा असेल तिथे बॅज लावताना हात आखडता घ्या.

आता खेळांचा अभ्यास करून निबंध लिहिणाऱ्यांकडे वळू. इथे गफलत बहुधा उसन्या चौकटींची असते. खेळ रचनाकार रिचर्ड बार्टल यांनी १९९६मध्ये मांडलेले खेळाडूंचे चार प्रकार मजकुरावर चालणाऱ्या अनेकांच्या ऑनलाइन खेळांतून, म्हणजे मडमधून, निघाले होते. लोक ते कोड्यांच्या ॲपपासून फुटबॉलपर्यंत व्यक्तिमत्त्व चाचणीसारखे वापरतात. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांच्या खेळांच्या १९५८च्या वर्गीकरणाचीही तीच गत. चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ (गरगरण्याची मजा) असे चार कप्पे करून प्रत्येक खेळ एकात कोंबला जातो. पोकरमध्ये चुरस आणि नशीब दोन्ही आहेत, आणि अशा जोड्यांचा विचार कायवांनी स्वतःच केला होता. मुक्त बागडण्यापासून काटेकोर नियमांपर्यंत जाणारी त्यांची दुसरी पट्टी तर बहुतेक निबंधांतून गायबच असते. तसंच ‘जादुई वर्तुळा’चं, म्हणजे खेळ चालू असताना बाहेरच्या जगापासून वेगळ्या, स्वतःचे नियम असलेल्या जागेच्या कल्पनेचं. डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८मध्ये हा शब्द रिंगण, पत्त्यांचं टेबल, देऊळ, रंगमंच अशा यादीत ओघात वापरला. आज त्याला आहे ते वजन केटी सेलन आणि एरिक झिमरमन या खेळ रचनाकारांनी २००३मध्ये दिलं. सगळं श्रेय हायझिंगांना देणारा निबंध परीक्षक तिथेच पकडतो.

रचनाकाराच्या हेतूवरून खेळाचा अर्थ लावणंही धोक्याचं. मोनोपॉलीचा पूर्वज असलेल्या खेळाचं पेटंट लिझी मॅगी यांना १९०४मध्ये मिळालं. जमीनमालकीतून संपत्ती मोजक्या हातांत कशी गोळा होते हे त्यांना दाखवायचं होतं. पटावर बसलेल्यांना मात्र गोळा करण्यातच मौज वाटली.

आणि दुसऱ्याच्या खेळाचं चित्रण पाहून निबंध लिहू नका. स्वतः खेळा, हरा, अडकलात ती जागा लिहून ठेवा. व्हिडिओ गेम असेल तर आवृत्ती क्रमांक, काठिण्यपातळी आणि खेळल्याची तारीख वहीच्या पहिल्याच ओळीत टाका, कारण पुढच्या अपडेटमध्ये ज्या शस्त्रावर तुम्ही दोन पानं लिहिलीत त्याचे आकडे बदललेले असू शकतात.